आबांना आधी विचारलं ते गोदूअक्कांनी

धरणगावकरांनो, तुमची आठवण म्हणजे फाटकी चाळण! गोदूअक्का नर्सबाईंच्या साठीचा ग्रंथ काढता आणि मलाच विचारता, "आजी, अक्कांचं मोठं कार्य कोणतं?" तुमच्या घरोघरची म्हातारी माणसं ज्यांनी पुन्हा उठती-बसती केली, त्यांचं कार्य मी सांगू? बरं, सांगते. पण लिहून घेणारे मास्तर आत्ताच कुरकुरले, "आजी, शौचाचा विषय ग्रंथात शोभत नाही." न शोभायला काय झालं? या लाजेपायीच माझे सासरे मरता मरता वाचले.

अक्कांची ओळख झाली ती तेव्हाच. स्वातंत्र्य येऊन दोनेक वर्षं झाली असतील. अक्का आमच्या गल्लीत देवी टोचायला आल्या होत्या. आमच्या आबांना, म्हणजे सासऱ्यांना, पाच दिवस परसाकडे झालं नव्हतं. यजमानांनी वैदूकडून जमालगोट्याची गोळी आणलेली. मागच्या खेपेला तिनेच आबांना दोन दिवस खाटेला खिळवलं होतं. तरी पुन्हा तीच! अक्कांनी ती उचलून चुलीत टाकली.

"हा जुलाब बैलालाही लोळवेल, भाऊ. वडील जड झालेत का तुम्हाला?"

यजमान गोरेमोरे झाले. अक्कांनी आबांचं पोट हलक्या हाताने चाचपलं. उलटी झाली का, वारा सरतो का, रक्त पडलं का, सगळं विचारलं. "यातलं काही दिसलं, पोट फुगून दुखायला लागलं, तर घरात काही करत बसू नका, सरळ जळगावचा दवाखाना गाठा," असं बजावलं. मग म्हणाल्या, "आबा, पाणी किती पिता?"

आबांनी मान खाली घातली. "अर्धा तांब्या, बाई. पानी पिसू तर जानं पडी. नालापल्याड माले कोन लई जाई?"

पाणी प्यायलं की परसाकडे नाल्यापलीकडे जाणं आलं. गुडघे धरलेले, अंधारात एकदा पडलेलेही. कोणाचा आधार मागायची लाज, म्हणून त्यांनी पाणी तोडलं, जेवणही अर्ध्यावर आणलं. आणि मी? दोन्ही वेळा ताट मीच वाढत होते. उरलेली अर्धी भाकर रोज म्हशीला घालत होते. पण सासऱ्यांपुढे सुनेने बोलायचं नाही ही आमची रीत! माणूस आतून सुकला तरी चालेल, रीत ओली राहिली पाहिजे.

अक्का माझ्यावर कडाडल्या, "पदर डोक्यावर असू द्या, तोंडावर कशाला? उद्यापासून सासऱ्यांना तुम्ही विचारायचं."

त्याच दिवशी त्यांनी परसात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा आडोसा उभा करवला. आत चर, वर मधोमध भोक पाडलेली जुनी खुर्ची, पायांखाली विटा, धरायला बाभळीची मेढ. सकाळी कोमट पाणी प्यायचं, न्याहारीनंतर निवांत बसायचं, कुंथायचं नाही आणि आलेली कळ दाबायची नाही. मेथी-पोकळ्याची पातळ भाजी, पपई, हळूहळू वाढवत. अंगणात चार फेऱ्या. "पायाला सूज असेल, दम लागत असेल, तर पाणी डॉक्टरांना विचारूनच वाढवायचं," हेही सांगितलं. पुढे रोज स्वतः येऊन पोट पाहत होत्या.

तिसऱ्या सकाळी आडोशातून आबा ओरडले, "सूनबाई, बठ्ठं मोकळं व्हई गयं व माय!"

अख्ख्या गल्लीने ऐकलं. लग्नानंतर सासऱ्यांनी मला थेट मारलेली ती पहिली हाक.

आता खरा राग ऐका. अक्का धुळ्याला पुतण्याकडे असतात. परवा मी भेटून आले. खोली माडीवर, संडास खाली परसात, जिना उभा आणि अक्कांचे गुडघे आता आबांसारखे. ताटाशेजारी तांब्या भरलेला तसाच. मी डोळे वटारले, तर हसून म्हणतात, "वहिनी, सारखं कोणाला उठवायचं?"

ऐकलंत? ज्यांनी आम्हाला विचारायला शिकवलं, त्यांना विचारणारं कोणी नाही! शाल देता, मानपत्र देता. खालची खोली कोण देणार? पुतण्याला मी खडसावून आले आहे. तुम्हालाही तोंड असेल तर उघडा.

गोदूअक्कांना शंभर वर्षं लाभोत, आणि त्यातला एकही दिवस त्यांना संकोचाने तहानेलं राहावं न लागो. माझा अंगठा इथेच घ्या, मास्तर. समारंभाला पेढ्यांची पाटी सांगितली आहे म्हणे. ती रद्द करा. धुळ्याला पिकलेल्या पपया पाठवा, मेथीच्या दोन जुड्या पाठवा. आणि जो घेऊन जाईल त्याने अक्कांपुढे मांडी घालावी. तांब्या रिकामा झाल्याशिवाय उठू नये.