ताईला एकदा समोर ऐकायचं होतं

आधीच सांगते, माझा राग अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, गाण्याचा कार्यक्रम तो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? तुमच्या मनाला नाही ना लागलं, मग गप्प बसा. माझ्या ताईचं काय झालं ते आधी ऐका, मग बोला.

ताई कापडाच्या कारखान्यात माग चालवते, लग्नाच्या आधीपासून. मागांची शेड ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. आत पाऊल टाकलं की तो खडखडाट थेट छातीत वाजतो. शेजारची बाई किंचाळली तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथे कुणी किंचाळतच नाही. सगळ्या बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात, तोंड चांगलं मोठं करून, आणि पार पलीकडच्या मागावरची बाई ते वाचते. सासूच्या कागाळ्या, पोरांच्या परीक्षा, सुपरवायझरची टिंगल, सगळं त्याच्या नाकासमोर चालतं आणि त्याला पत्ता नसतो. आमची आईही मागावरच होती. त्यामुळे घरात कुणी झोपलेलं असलं की आम्ही बहिणी तशाच भांडायचो, ओठांनी. मी पुढे बस डेपोत चौकशीच्या खिडकीत लागले आणि मला ओरडायची सवय झाली, पण वाचायचं विसरले नाही.

शेडमध्ये ताईला रेडिओ म्हणतात. कारण ती दिवसभर गाते, तेही आवाज न करता! शाळेत असल्यापासून तिचा एक बँड ठरलेला आहे. चौघे जण आहेत ते: एक गाणारा, एक गिटारवाला, एक ड्रमवाला आणि कीबोर्डवर एक बाई. त्यांची गाणी ताई ओठांनी म्हणायची आणि बायका वाचायच्या. गंमत बघा, अख्ख्या शेडला ती गाणी तोंडपाठ होती, चाल मात्र निम्म्याजणींनी कधी ऐकलेली नव्हती. गाणाऱ्याला ताई ‘आपला’ म्हणायची. “आपल्याचं नवीन गाणं आलंय बरं का!” त्यावर भाऊजी म्हणायचे, “तो आपला, मग मी कोण? भाडेकरू?”

हा आपला पूर्वी एकदा जवळच्या शहरात येऊन गेला तेव्हा ताई बाळंतपणात अडकलेली. पुन्हा आला तेव्हा सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं. तिने एका शब्दाने कुरकुर केली नाही. पुढच्या वेळी बघू, म्हणाली.

मग तिचे कान जायला लागले. जाणारच की! इतक्या वर्षांत कारखान्याने कानांसाठी दिलं काय, तर कापसाचे बोळे. तेसुद्धा शेडमध्येच झाडून काढलेल्या कापसाचे. मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, उरलंय तेही हळूहळू जाईल. मशीन लावू, बोललेलं कळेल. “पण गाणं वगैरे आता विसरा.” विसरा! छत्री विसरा म्हटल्यासारखं म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. ताई बाहेर बाकावर बसून राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “एकदा समोर ऐकायला हवं होतं गं.”

आणि त्याच वर्षी बँड आमच्या गावात आला. मी तिकिटं काढली. ताईला एका संथ गाण्यासाठी जायचं होतं, त्यातल्या एका जागेसाठी. शेवटच्या कडव्याआधी वाजवणं थांबतं आणि तो खोल श्वास घेतो. रेकॉर्डवर तो श्वास ऐकू येतो. ताईला पूर्वी यायचा, आता हेडफोन कानात कोंबला तरी येत नव्हता. “तिथे एवढाले स्पीकर असतील,” ती म्हणाली, “आणि तो स्वतः उभा असेल. त्याचा खरा श्वास एकदा कानात गेला ना, की मग जाऊ देत कान कुठे जायचे ते.”

दुपारपासून आम्ही मैदानाच्या फाटकाशी उभ्या होतो. उन्हाने डोकं नुसतं भणभणत होतं. फाटक उघडल्यावर ताई अशी धावली, की या बाईला दोन पोरं आहेत हे सांगून कुणाला पटलं नसतं. स्टेजसमोरचा कठडा गाठला, दोन्ही हातांनी धरला. आणि लगेच गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले दोघे आले. म्हणे, ही जागा पाहुण्यांची आहे, मागे व्हा. कसले पाहुणे? आम्ही काय भिंत फोडून आत शिरलो होतो? मी डेपोतला आवाज लावला. आख्खी रांग वळून बघायला लागली. शेवटी त्यांनी मधला कठडा दोरी लावून अडवला आणि आम्हाला डावीकडच्या कोपऱ्यात ढकललं. ते पाहुणे आले, स्टेजकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत बसले. मला एकेकाची मानगूट धरावीशी वाटत होती. ताई म्हणाली, “असू दे गं, इथूनही त्याचं तोंड दिसतंय.”

दिवे लागले, बँड आला. ताईने माझा हात असा आवळला की बोटं बधिर झाली. पहिल्या दोन गाण्यांना ती रडत होती आणि हसत होती. गाण्यांच्या मधलं बोलणं सगळं गिटारवाला करत होता. गाणारा नुसता छातीवर हात ठेवून मान झुकवायचा. तिसऱ्या गाण्याला ताईचा हात ढिला पडला. ती माझ्याकडे वळली आणि शेडमधल्यासारखे ओठ हलवले: तो गात नाहीये.

“काहीतरीच काय!” मी ओरडले. “एवढा आवाज येतोय की!”

आवाज येतोय, ती ओठांनी म्हणाली. त्याच्या तोंडातून नाही. ओठ मागे पडतायत.

मला पटेना. मग तिचं ते संथ गाणं आलं. दुसऱ्या कडव्यात एक लांब तान आहे. आवाज स्पीकरमधून चढत चाललेला आणि आपल्याने माईक खाली घेऊन स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे तोंड वळवलं. त्याचे ओठ मीही वाचले. तो म्हणाला, पाणी आण. आणि आवाज तसाच चाललेला! मग वाजवणं थांबलं. मैदान चिडीचूप झालं. स्पीकरमधून तो श्वास आला, मोठा, स्वच्छ. आणि समोर हा बाटलीतून पाणी पीत होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या! मी ताईकडे पाहिलं. असा चेहरा मी तिचा आई गेली तेव्हासुद्धा पाहिला नव्हता. अरे, तिचे जाणारे कान तिने तुझ्यासाठी राखून ठेवले होते रे! मला कठडा ओलांडून वर जायचं होतं. ताईने माझा पदर धरून ठेवला.

शेवटच्या गाण्याला तो खाली उतरून कठड्यापाशी आला. ही त्यांची नेहमीची पद्धत. तो माईक पुढे करतो आणि लोक ओळ म्हणतात. मधल्या पाहुण्यांना ती येत नव्हती, ते फोन वर करून हसत राहिले. मग तो आमच्या कोपऱ्यात आला, ताईच्या तोंडासमोर माईक धरला आणि बँड थांबला. ताईने तोंड उघडलं. पूर्ण ओळ म्हटली, मोठ्ठे ओठ करून, शब्दन् शब्द, आणि आवाज मुळीच काढला नाही. सगळं मैदान वाट बघतंय, मोठ्या पडद्यावर माझ्या बहिणीचं तोंड नुसतं हलतंय. त्याला वाटलं असेल बाई बुजली, म्हणून तो हसत आणखी वाकला. ताईने तीच ओळ पुन्हा तशीच म्हटली, त्याच्या डोळ्यांत बघत. तेव्हा त्याचं हसू उतरलं. तो गोंधळला आणि माईक अजून चालू आहे हे विसरून बोलला.

“काय?”

सगळ्या मैदानभर ते ऐकू गेलं. घोगरं, चरचरीत, फाटलेलं. आजारी माणसाचा आवाज होता तो. ताई दचकली. गिटारवाल्याने घाईघाईत वाजवायला सुरुवात केली, स्पीकरमधून पुन्हा तो गोड आवाज लागला आणि हा वळून वर पळाला.

फाटकाबाहेर येईपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. लबाड, ढोंगी, लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणारा, जे सुचेल ते बोलले. भामटा म्हटलं तेव्हा ताईने मला थांबवलं.

“घसा गेलाय त्याचा,” ती म्हणाली. मग तीही भडकली, पण वेगळ्याच गोष्टीवरून, आणि ऐकू कमी यायला लागल्यापासून झालेल्या तिच्या मोठ्या आवाजात, रस्त्यावरचे लोक बघतील याची पर्वा न करता ओरडली, “मग सांगायचं ना मेल्याने! फाटका तर फाटका, तसा म्हणायचा. माझे कान कुठे धड आहेत? मी तोच ऐकायला आले होते!”