स्वयंपाकघरातला पॅरलल फोन

भूतबित मी मानत नाही, आधीच सांगून ठेवतो. एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाईनमन होतो. तलवाड्यापासून मांजरसुंब्यापर्यंत खांबावर चढलोय, अमावस्येलासुद्धा! लाईनीत खरखर आली की लोक म्हणायचे, "भुताटकी हाय." मी म्हणायचो, "भुताटकी कशाची बे, जॉइंट गंजलाय..."

माझं घर तेलगावात. तेव्हा इंटरनेट म्हणजे डायल-अप, फोनच्याच तारेवरून. पोरगी सुनी लग्न होऊन परदेशात. दर रविवारी दुपारी चारला कॉम्प्युटरवर टाईप करून तिच्याशी बोलायचो. आठवड्यात तेवढंच बोलणं. माझी बायको शांता जाऊन आठ महिने झाले होते. "कावून वो, जेवला न्हाई?" असं विचारणारंही घरात कुणी नव्हतं.

शांताची एक खोड होती. मी इंटरनेट लावलं की ही स्वयंपाकघरातला पॅरलल फोन, म्हणजे त्याच लाईनीवरचा दुसरा फोन, उचलायची. उचलला की कनेक्शन तुटलंच! मी ओरडायचो, "अगं, ठेव की तो फोन!" तर म्हणायची, "अवो, त्या किरकिरीत पोरीचा आवाज येतो का बघत व्हते." लई राग यायचा. ती गेल्यावर तो फोन मीच काढला, तारेसकट, आणि पेटीत टाकला. बघवत नव्हतं.

एका रविवारी व्हायरसनं कॉम्प्युटर बसला. सकाळपासून विंडोज नव्यानं टाकत होतो. दुपारी ते चढलं, मोडेमचा ड्रायव्हर टाकला, नंबर लावला. किर्रर्र... आणि खट्. तुटलं! परत लावलं, परत खट्. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, तार बदलली. काही उपयोग नाही. शेवटी माझा टेस्टचा फोन नुसता ऐकायला लाईनीवर जोडला. टोन एकदम स्वच्छ!

पावणेचार झाले. मी दिसलो नाही तर तिकडं पोरगी घाबरणार... डोकं फिरलं. सातव्यांदा खट् झालं आणि तोंडून निघून गेलं —

"अगं, ठेव की तो फोन!"

टेस्टच्या फोनमध्ये आणखी एक खट् आलं. हलकं. कुणीतरी रिसीव्हर जागेवर ठेवल्याचं. लाईनमनला तो आवाज ओळखायला शिकवावं लागत नाही.

तसाच उठलो. स्वयंपाकघरात गेलो. भिंत कोरी. पेटी उघडली, तर फोन तिच्याच लुगड्यात गुंडाळलेला, मी ठेवला होता तसाच.

परत येऊन नंबर लावला. एका झटक्यात लागला. सुनीशी तासभर बोललो, तिला यातलं काही सांगितलं नाही.

जुन्या सोबत्यांना विचारलं. एक म्हणाला जॉइंटात पाणी, दुसरा म्हणाला, "तुझ्याच डोक्यात पाणी." मला तरी आजपर्यंत उलगडलेलं नाही. मी पॅरललची तार परत ओढली, फोन होता तिथंच लावला. रोज दुपारी उगाच इंटरनेट लावून बसायचो, आता तुटंल, मग तुटंल... कनेक्शन काढेपर्यंत एकदाही तुटलं नाही.

जिवंत होतीस तोवर 'ठेव, ठेव' म्हणून किती ओरडलो, कधी ऐकलं नाहीस. नेमकं त्याच दिवशी ऐकायचं होतं का गं?