फिक्या गुरुजींचा अमेरिकेचा विमा

सौंसरच्या बसस्टँडवर मारोतीच्या चहाच्या टपरीपुढं एक बाक होता. चार माणसं रोज संध्याकाळी एकाच बाकावर बसली की किस्से साचणारच. ते कुणी मुद्दाम साठवत नाही. मोसमात संत्र्यांच्या साली साचतात तसे साचत जातात. ऐंशीच्या दशकातली ती आमची बैठक. शाळेतला मास्तर म्हणजे मी, विमा एजंट बंडूभाऊ, टपरीवाला मारोती आणि आमचे निवृत्त हेडमास्तर देवराव गुरुजी. गुरुजींना बारा वर्षांपासून शुगर होती.

त्यांची एकुलती एक शोभा लग्न होऊन अमेरिकेला गेलेली. जावई तिथं अजून शिकत होता. शोभाचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. आता पुन्हा दिवस होते आणि आई तर केव्हाच वारलेली. तिनं पत्रात लिहिलं, "बाबा, काही करू नका, नुसते येऊन बसा." तिकिटाचे पैसे गुरुजींच्या फंडातून निघाले. पण तिथल्या दवाखान्याचा खर्च ऐकून गुरुजी म्हणाले, "मी तिथं आजारी पडलो तं पोरगी बाळाकडे पाहीन का माझ्याकडे? विमा निघाला तं जाईन, नाही तं नाही."

अन् विमा काढायला कोण? आमचा बंडूभाऊ!

*

बंडूभाऊचा खरा धंदा जनावरांच्या विम्याचा. मोहगाव, लोधीखेड्यापर्यंतच्या बैलांच्या कानात त्याचे बिल्ले होते. माणसाला परदेशी पाठवायचा फॉर्म त्यानं जन्मात पाहिला नव्हता. तो नागपूरहून मागवला आणि पहिल्याच संध्याकाळी गुरुजींना समोर बसवून सवयीनं विचारलं, "दात किती हायत जी?"

"कायले? वय तोंडावर लिहिलं हाय ना," गुरुजी म्हणाले.

बंडूभाऊची पद्धत अशी की गिऱ्हाइकानं कोऱ्या फॉर्मवर सही करायची, बाकीचं तो घरी भरायचा. बैलाच्या मालकाला त्यात कधी अडचण आली नाही. गुरुजींनीही विश्वासानं सही केली. 'पूर्वीचा आजार' या रकान्यात बंडूभाऊनं परस्पर लिहिलं, 'नाही'. मग डॉक्टरी दाखल्याचा कागद त्यानं इतर कागदांच्या गठ्ठ्यात घातला आणि गठ्ठा नेहमीच्या ठिकाणी सहीला ठेवून आला.

नेहमीचं ठिकाण म्हणजे गुरांचा दवाखाना.

तिथल्या डॉक्टरांनी गठ्ठ्यातल्या बावीस कागदांवर एका दमात सह्या ठोकल्या, शिक्के मारले. त्यामुळे नागपूरच्या कचेरीत जो दाखला पोचला, त्यावर गुरुजींचं नाव होतं आणि खाली डॉक्टरांच्या हातचा शेरा होता : 'चारापाणी व्यवस्थित. कामास योग्य.'

*

आठवड्याभरात नागपूरचे एक साहेब बसमधून उतरले. असा दाखला देणारं गाव त्यांना स्वतः बघायचं होतं म्हणे. उतरले ते सरळ मारोतीच्या टपरीवर.

"देवराव गुरुजींचं घर कुठं आहे?"

"कोणते देवराव गुरुजी? आमच्यात दोन हायत साहेब. एक गोड, एक फिके."

"अमेरिकेला जाणारे."

"मंग फिके," मारोती मोठ्या अभिमानानं म्हणाला. "बारा वर्षं झाली, त्यायच्या चहात साखरेचा दाणा नाही टाकला म्या. लय शुगर हाय जी त्यायले. साऱ्या सौंसरले मालूम हाय."

साहेबांनी खिशातून फॉर्म काढून 'नाही' या शब्दाकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "आणि हे एजंट बंडूभाऊ कुठं भेटतील?"

मारोतीनं बाकाकडे बोट केलं. "हे काय, पेपरामागं बसून राहिले."

गुरुजींना हा प्रकार कळला तेव्हा ते रागानं लाल झाले. साहेबांच्या देखत त्यांनी बंडूभाऊला नवा फॉर्म दिला आणि म्हणाले, "लिही. बारा वर्षांपासून मधुमेह. स्वच्छ अक्षरात. 'धु' ऱ्हस्व." पन्नाशीचा बंडूभाऊ खाली मान घालून लिहीत होता. साहेब चहा घेत बघत राहिले. दुसरा कप मागताना मात्र हळूच म्हणाले, "मारोतीभाऊ, मलाही फिकाच द्या."

*

आता माणसांच्या डॉक्टरचा दाखला हवा होता. त्यासाठी पांढुर्ण्याचे डॉक्टर. हा माणूस मोठा कडक. पेशंटच्या खिशात गोळी-बिस्किट दिसलं तरी बाहेर काढायचा. लघवीचे थेंब निळ्या औषधात टाकून नळी उकळायची, ही त्यांची तपासणी. रंग निळा राहिला तर उत्तम, मग हिरवा, पिवळा, संत्री, आणि विटकरी झाला की संपलं.

पण आमच्याकडे दूर निघालेल्या माणसाला घरोघरी जेवायला बोलावतात. गुरुजी तर अमेरिकेला निघालेले! अकरा दिवस अकरा घरं झाली. गुरुजी प्रत्येक ठिकाणी सांगायचे, मला गोड चालत नाही. आणि प्रत्येक घरची बाई सांगायची, "साखर नाही टाकली जी गुरुजी, तुमच्यासाठी मुद्दाम गूळ टाकला."

बाराव्या दिवशी पांढुर्ण्याला नळी उकळली. विटकरी.

"गुरुजी, हे काय आहे?" डॉक्टर ओरडले.

"गूळ," गुरुजी म्हणाले.

दाखला पंधरा दिवस लांबला. शोभाची तारीख जवळ येत होती आणि त्या पंधरा दिवसांत गुरुजींनी भाजी-भाकरीशिवाय कशाला हात लावला नाही. मला त्यांच्याकडे बघवत नसे. शेवटी नळी हिरवी झाली आणि दाखला मिळाला.

*

विमा आला. त्यात एक ओळ टाइप करून जोडलेली होती : मधुमेह आणि त्यातून उद्भवणाऱ्या कशाचाही खर्च कंपनी देणार नाही. साहेबांनी एवढंच जमवलं होतं.

बंडूभाऊ चिडला. "मंग हा कायचा विमा? बैलाले तरी पुरा भेटते."

गुरुजींनी ओळ दोनदा वाचली. "बरोबर आहे. हात मोडला तं कंपनीचा, शुगर माझी. माझी मी सांभाळीन."

डॉक्टरांनी त्यांना निळ्या औषधाची बाटली दिली आणि एक वही. रोज सकाळी नळी उकळायची. तारीख, रंग, शेरा, असे तीन रकाने भरायचे. आम्ही बाकावरच्यांनी बारशाला वाटायला संत्रा बर्फीचा डबा तिथंच त्यांच्या हातात दिला. तेव्हा डॉक्टरांनी बोट दाखवून बजावलं, "यातला एक तुकडासुद्धा तुमचा नाही."

मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं ती निळी बाटली उजेडात धरून विचारलं, हे काय. गुरुजींनी खरं ते सांगितलं, अगदी वर्गात समजावतात तसं, थेंबांच्या संख्येसकट. त्यानं बाटली दोन बोटांनी परत दिली आणि बाकीचं सामान न उघडताच त्यांना पुढं सोडलं.

*

तीन महिन्यांनी गुरुजी परतले. वाळले होते, पण धडधाकट. दुसऱ्याच दिवशी आम्ही सगळे त्यांच्याबरोबर पांढुर्ण्याला गेलो. मारोतीनं त्यासाठी टपरी बंद ठेवली.

डॉक्टरांनी वही उघडली. निळा. निळा. हिरवा. निळा. गुरुजींच्या अक्षरात एकही खाडाखोड नव्हती. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं : दोन मैल चाललो. शोभाच्या पायांना सूज. बर्फ पडला. डॉक्टर प्रत्येक ओळीवर बोट फिरवत होते आणि मान हलवत होते.

एका पानावर बोट थांबलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'निळा. शोभा दवाखान्यात. रात्री जेवलो नाही.'

खालची ओळ होती : 'विटकरी. शोभा सुखरूप. नात झाली. बर्फी, दोन तुकडे.'

गुरुजी खुर्चीत ताठ बसले होते, छडीची वाट बघणाऱ्या पोरासारखे. बंडूभाऊनं आधीच मान खाली घातली.

डॉक्टरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग चष्म्यावरून गुरुजींकडे पाहिलं.

"दोनच?"