उलट्या फेऱ्या

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, राधानगरीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून एक वड आहे. त्याच्या पारंब्या जमिनीत शिरून त्यांचीच आता खोडं झाली आहेत, आणि मधल्या मूळ खोडाला कवेत घ्यायचं तर शेजारच्या तालमीतले सगळे पैलवान बोलवावे लागतील. मी त्याच्या सावलीत वाढले. तरी नव्वदचं दशक संपता संपता त्याच्या जिवावर बेतलं, तोवर मी त्याच्याकडं मान वर करून नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्या वर्षी थंडीत वडील गेले. पुढं ज्येष्ठात वटपौर्णिमा आली आणि गल्लीतल्या बायका नटूनथटून वडाकडं निघाल्या, तेव्हा आई दार लोटून आत गहू निवडत बसली. मला ती पूजा कधीच पटली नव्हती, त्या दिवशी तर डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं नेमानं दोरा गुंडाळून हिला काय मिळालं, असं मी मोठ्यानं म्हटलं. आईनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

चार दिवसांनी सकाळी रस्त्याच्या कामावरची माणसं कुऱ्हाडी, कोयते आणि दोरखंड घेऊन आली. रस्ता रुंद करायचा होता आणि वड मधे येत होता. बघता बघता गल्ली गोळा झाली. कुणाला काही कळवलंच नाही म्हणून मी मुकादमाशी भांडायला लागले, तर तो शांतपणे म्हणाला, "ताई, नोटीस लागल्याबिगर आमी फांदीला हात लावत न्हाय. नियमच हाय तसा. नोटीस लावलीया, लोकांच्या हरकतीची मुदत संपली, मग आलोय."

असा काही नियम असतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. झाड पाडायच्या आधी पालिकेनं त्याच्या अंगावर कागद चिकटवायचा, कुणाला हे झाड हवं आहे का असं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं आणि उत्तरासाठी थांबायचं. माणसाच्या बाबतीतही कुणी इतकं विचारत नाही. मी भांडण विसरून त्या मुकादमाकडं बघतच राहिले.

"मग नोटीस दाखवा की," मी म्हटलं. "तारीख बघू दे."

मुकादम झाडाभोवती फिरला. नोटीस कुठंच दिसेना, कारण ती लावणाऱ्यानं वाचायला सोपी म्हणून छातीच्या उंचीला लावली होती आणि नेमकं तिथंच सगळ्या गल्लीनं पूजेचा दोरा गुंडाळला होता. हळदीकुंकवानं माखलेला दोऱ्याचा जाड पट्टा तेवढा दिसत होता. पूजेच्या गर्दीत कागद वाचायची सवड कुणाला?

"कोयत्यानं कापतो आन् दावतो," मुकादम म्हणाला. बायकांनी एकच गलका केला. नवऱ्याच्या आयुष्याचा दोरा तो, त्याला पातं कसं लावू देतील? ज्याला कापायला सांगितलं त्या गड्यानं तर कोयता खालीच ठेवला. "माझ्या बायकूनंबी गावाकडं आसाच बांधलाय. मी न्हाय कापणार," म्हणाला आणि बाजूला जाऊन बसला.

मग सोडवायचा ठरला. पण ज्या हातानं बांधला त्या हातानं सोडवायला एकही बाई पुढं होईना. शेजारच्या काकी आईकडं वळल्या आणि अडखळत म्हणाल्या, "वैनी, तुमीच बगा की. तुमाला आता कसलं भ्या हाय?"

माझ्या अंगाची आग झाली. मी काहीतरी तोडून बोलणार होते, पण आईनं माझा हात दाबला, पदर खोचला आणि दोऱ्याचं एक टोक शोधून काढलं.

बायका ज्या बाजूनं फेऱ्या घालतात त्याच्या उलट बाजूनं ती चालायला लागली. एक दोरा सुटला की दुसरा. सुटलेलं सूत ती कोपरावर गुंडाळून घेत होती, तुटू देत नव्हती. खोडामागं जायची, दिसेनाशी व्हायची, पुन्हा पलीकडून यायची. हळूहळू गलका थांबला, विड्या विझल्या. मी मान वर केली. फांद्यांवर फांद्या, पार आभाळापर्यंत, आणि त्याखाली माझी एवढीशी आई. आईला आणि त्या झाडाला मी एकाच दिवशी पहिल्यांदा पाहत होते.

उन्हं चढल्यावर हळदीनं पिवळा झालेला कागद दिसला. तिनं तो नखानं अलगद सोडवून माझ्या हातात दिला. मी वाचला. हरकतीची मुदत पुढच्या सोमवारपर्यंत होती. ठेकेदारानं घाई केली होती. मुकादमानं कागद स्वतः वाचून पाहिला आणि माणसं परत नेली. आम्ही सगळे कागदाभोवती जमलो होतो. आई मात्र कागद निघाला त्या जागेवर तळवा ठेवून पाठमोरी उभी होती. दमली असेल, असं मला वाटलं.

सोमवारच्या आत अख्ख्या गल्लीनं हरकती दिल्या. झाड राहिलं. रस्ता तिथं आजही वडाला वळसा घालून जातो.

हरकतींच्या सुनावणीला पालिकेतले साहेब एकेकीला कारण विचारत होते. कुणी सावली सांगितली, कुणी देवाचं झाड म्हणून सांगितलं. आईची पाळी आली. तिच्या वतीनं मीच उत्तर द्यायला पुढं सरले, तर तिनं मला हातानं मागं सारलं.

"कागद आमच्या मागल्या वर्षीच्या दोऱ्यावरच चिकटवला हुता," ती म्हणाली. "बाकीचं सगळं सूत कुजून गळून गेलंय, पर कागदाच्या खळीनं खोडाला चिकटल्यालं तेवढं ऱ्हायलंय. त्यात माझंबी हाय. मालक आसताना बांधल्यालं."

साहेबांनी लिहून घ्यायला पेन उचललं.

"तेवढं ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली.