पेशकारांचा आठवडा

पेशकारांनी उभ्या जन्मात रांजणातून पेलाभर पाणी स्वतःच्या हाताने घेतलं नाही, पण तो रांजण कोणत्या वारी घासायचा हे मात्र तेच ठरवत. घासायचा वार मंगळवार. बुधवारी त्यात पाल पडली तर पाणी ओतून द्यायला त्यांची ना नव्हती, पण रांजण घासायचा तो मंगळवारीच. हे मी रचून सांगत नाही. एका उन्हाळ्यात खरंच तशी पाल पडली होती आणि पुढचा मंगळवार उजाडेपर्यंत आम्ही शेजारच्या घरून कळशीने पाणी आणून प्यालो. शेजारीण हसायची. पेशकारांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

हे माझे थोरले चुलते. परभणीच्या कचेरीत पेशकार होते. म्हणजे साहेबापुढे मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, ठेवायच्या, साहेब बोलेल ते लिहून घ्यायचं आणि पक्षकारांना पुढच्या पेशीची तारीख सांगायची, एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामाचा रुबाब ते शेरवानीच्या आत घालून घरी आणत. माझे वडील झरीला शिक्षक होते आणि मला शिकायला काकांकडे ठेवलं होतं. मी त्यांना काका म्हटलं तर ओ यायला वेळ लागायचा. पेशकार म्हटलं की मान लगेच वळायची. म्हणून काकूंसकट सगळेच त्यांना पेशकार म्हणत. मला शाळेत घालताना त्यांनी कधी खळखळ केली नाही. तेवढं श्रेय त्यांना देऊन टाकते, कारण न दिलं तर काकूंना आवडायचं नाही.

घरात माणसं तीन. काकूंना मूलबाळ नव्हतं. एक पेशकार, एक मी आणि कामाला एकट्या काकू. म्हणजे वारावारांचा हा सगळा बंदोबस्त एका बाईसाठी होता. तेव्हा निजामाचं राज्य होतं, कचेरीला जुम्याची, म्हणजे शुक्रवारची, सुट्टी असायची आणि शनिवारी काम सुरू व्हायचं, म्हणून आमच्या घराचा आठवडाही शनिवारी सुरू व्हायचा. शनिवारी दळण, रविवारी सारवण, सोमवारी धुणं, मंगळवारी रांजण आणि तांब्यापितळेची भांडी, बुधवारी नहाणं, गुरुवारी औषधपाणी. शुक्रवारी पेशकार घरी असत आणि त्या दिवशी ते घराचा मुआयना, म्हणजे तपासणी, करत. हे सगळं त्यांनी एका काळ्या फळीवर चुन्याने लिहून स्वयंपाकघरात टांगलं होतं, आणि तेही उर्दूत. काकूंना मराठी अक्षर येत नव्हतं, तिथे उर्दू कुठून येणार? पण कायदा मराठीत लिहिला की त्याचं वजन जातं, असं त्यांचं मत होतं. मग दर शनिवारी सकाळी ते फळीपुढे उभे राहून ती मोठ्याने वाचत. काकू चुलीशी बसून ऐकत. त्यांना ते पाठ होतं, पण ऐकल्याबद्दल मान हलवावी लागे.

"वार चुकला की घर चुकलं," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते बोलताना तर्जनी वर जायची. त्यांचं स्वतःचं काय काय चुकत होतं ते त्या बोटाला कधी दिसलं नाही.

दळणाचंच घ्या. आमच्या भागात जोंधळा रोजच्या रोज दळतात. सकाळी जात्यावर बसायचं आणि त्या पिठाची भाकरी त्याच दिवशी थापायची. हे सांगायला कचेरी लागत नाही, कुठल्याही पोरीला माहीत असतं. पेशकारांचं म्हणणं, रोज अर्धा तास घालवण्यापेक्षा शनिवारी एकदाच दळून ठेवावं. काकू शनिवारी दुपारपर्यंत जातं ओढायच्या. त्यांच्या तळहाताला फोड यायचे. आणि बुधवार-गुरुवारपर्यंत पिठाची विरी गेलेली असायची. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापता थापता चिरते, तव्यावर टाकताना तुटते. मग पेशकार ताटातला तुकडा उचलून धरत आणि विचारत, "हे काय आहे?" काकू म्हणत, पीठ जुनं झालंय. ते म्हणत, पिठाला नाव ठेवू नको, हात बघ. त्या हाताला शनिवारचे फोड असायचे, ते त्यांनी बघितले नाहीत.

भाजीची तऱ्हा तीच. परभणीचा बाजार शनिवारी भरतो. खेड्यापाड्यांतून गाड्या येतात आणि ताजी वांगी, मेथी, गवार रस्त्याच्या कडेने पसरलेली असते. आमच्या घरी भाजी आणायचा वार शुक्रवार, कारण त्या दिवशी पेशकार मोकळे. शुक्रवारी बाजारात उरलेला पाला आणि जून झालेली दोडकी मिळत. ती पिशवीत घालून ते मोठ्या ऐटीत घरी येत आणि पिशवी काकूंपुढे ठेवत. दुसऱ्या दिवशी आमच्याच दारावरून ताज्या मेथीच्या जुड्या जायच्या. आम्ही दोघी दारात उभ्या राहून त्या बघायचो.

शुक्रवारच्या मुआयन्यानंतर ते बाजेवर बसून दरखास्ती ऐकत. तसं नावच त्यांनी दिलं होतं. कुणाला काही मागायचं असेल तर त्या वेळी मागायचं. इतर दिवशी विचारलं की उत्तर एकच, "मुलतवी." मला पाटी हवी असो की काकूंना बांगड्या भरायच्या असोत, मुलतवी. काकूंच्या माहेरी जाण्याचाही वार ठरलेला होता. महिन्यातला शेवटचा शुक्रवार, तोही पेशकारांना सवड असली तर. माहेर कुठे, तर पिंगळीला. परभणीहून गाडीत बसलं की पुढचंच स्टेशन. पदर नीट घेऊन बसावं तोवर उतरायची वेळ होते.

एकदा ते डबा घरी विसरले म्हणून मी कचेरीत गेले होते. आत साहेब पान चघळत बसले होते आणि आमचे पेशकार हात बांधून, मान खाली घालून उभे होते. साहेबांनी त्यांना एक मिसल आणायला सांगितली, आणल्यावर दुसरी मागितली, मग पहिलीच परत मागितली. प्रत्येक वेळी पेशकार "जी हुजूर" म्हणून पळत होते. साहेबांनी त्यांना सुट्टीच्या दिवशीही बोलावून घेतलं तर ते जेवणावरून उठत. तेव्हा कुठला वार आणि कुठला मुआयना. मी डबा शिपायाच्या हाती दिला आणि आले. घरात आमच्यावर जे ओतलं जात होतं ते कुठून भरून येतं हे त्या दिवशी मला कळलं, पण म्हणून मला त्यांची कीव आली नाही. घरी येऊन त्यांनी काकूंना विचारलं, की डबा विसरला ही चूक कुणाची.

पिंगळीला काकूंची आई एकटीच राहायची. भाऊ नव्हता. काकूंचा एक दूरचा भाचा येता-जाता बघायचा. तोच एका मंगळवारी सकाळी गाडीने आला आणि अंगणातूनच म्हणाला, "आत्या, म्हातारीला बरं न्हाई. तुमचंच नाव घेऊ लागली." काकूंच्या हातात चिंच आणि राख होती, कारण वार भांड्यांचा. त्या तशाच उठल्या आणि पेशकार शेरवानीची बटणं लावत होते तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

"आईला बरं न्हाई म्हनतेत. मी जाऊन येते."

"शुक्रवारी जाऊ. मीपण येतो."

"शुक्रवार लय लांब हाय. मी एकटी जाते की. एका टेसनाचा तर रस्ता."

"मग वार कशाला ठरवलेत?" पेशकार म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

आज कुणी विचारतं, की मग त्या उठून गेल्या का नाहीत. विचारणाऱ्यांचा मला राग येतो. त्या काळी बाई एकटी गाडीत बसली तर गाव काय म्हणेल हे वेगळंच, पण तिकिटाचे पैसेसुद्धा पेशकारांच्या खिशात असत. भाचा दारात घुटमळला आणि परत गेला. काकूंनी भांडी घासली. त्या दिवशी भांडी इतकी लख्ख निघाली की संध्याकाळी पेशकारांनी त्यांची तारीफ केली. बुधवारी काकूंनी माझे केस धुतले. त्यांची बोटं केसांत थांबायची आणि बराच वेळ हलायची नाहीत. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली की त्या मान वर करत.

गुरुवारी दुपारी निरोप आला, म्हातारी गेली. मग मात्र पेशकारांनी रुखसत, म्हणजे रजा, घेतली, कारण मयतीला रुखसत मिळते असा कचेरीचा नियम होता. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेजारणीने सांगितलं, की दोन दिवस म्हातारी प्रत्येक गाडीला विचारत होती, "आली का गं?" काकूंनी ते ऐकून घेतलं. त्या रडल्या नाहीत, निदान पेशकारांसमोर तरी नाही. परतीच्या गाडीत पेशकार म्हणाले, की आता उद्याचा शुक्रवार सुतकातच गेला, मुआयना पुढच्या आठवड्यात करू. मी तेव्हा लहान होते. पण त्या डब्यात त्यांच्याकडे बघताना मला जे वाटलं त्याला तिरस्कार म्हणतात, हे पुढे मोठी झाल्यावर कळलं.

त्यानंतर काकूंनी फळी पाळायला घेतली. आधी त्या जमेल तेवढी पाळायच्या, आता अक्षरशः पाळायला लागल्या. साहेबांचे साहेब यायचे होते त्या मंगळवारी पेशकारांच्या शेरवानीवर वरण सांडलं. त्यांनी ती काढून काकूंपुढे धरली. काकू शांतपणे म्हणाल्या, धुण्याचा वार सोमवार. पेशकार तसाच पिवळा डाग घेऊन कचेरीत गेले. एकदा त्यांना शनिवारी ताप भरला. त्यांनी काढा मागितला. काकूंनी अंगावर घोंगडी घातली, डोक्यावर ओली पट्टी ठेवली आणि सांगितलं, की काढा गुरुवारी. पेशकारांना स्वतःच्या कायद्याविरुद्ध बोलता येईना. ते गुरुवारची वाट बघत पडून राहिले. पुढे विरी गेलेल्या पिठाची भाकरी ताटात तुकड्यांनीच यायला लागली आणि ती पिठाचं कारण न सांगता वाढली जायची.

यातलं त्यांना काही कळलं असेल असं कुणाला वाटेल. त्यांना काहीसुद्धा कळलं नाही. ओसरीवर बसून ते इतर कारकुनांना सांगत, की इतक्या वर्षांनी घर शिस्तीला लागलं. काकू आत ऐकत असायच्या. एकदा मी रागाने उठले तेव्हा त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं.

पुढे निजामाचं राज्य गेलं. कचेरीच्या भिंतीवरच्या तसबिरी उतरल्या, साहेब बदलले आणि जुम्याची सुट्टी जाऊन रविवारची आली. बाकी लोकांनी त्या दिवसांत काय काय भोगलं, कोण कुठे पळालं, कोण परत आलं नाही. आमच्या पेशकारांवर कोसळलेलं आभाळ म्हणजे रविवार. त्यांचा अख्खा आठवडा उसवला. सुट्टीच्या दिवशी सारवण आलं, म्हणजे मुआयना करायला पाय ठेवायला जागा नाही. त्यात कचेरीतली उर्दूही चालली. त्यांनी फळी उतरवली, ओल्या फडक्याने पुसली आणि माझ्याकडून जोडाक्षरं विचारत मराठीत नवे वार लिहायला घेतले. भांडून घर सोडून गेलेला पाहुणा परत बोलवावा लागावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

सगळे वार भरले. शुक्रवार उरला. आता त्या दिवशी कचेरी असणार होती. पेशकारांनी चुन्याची काडी वर धरून विचारलं, शुक्रवारला काय घालायचं?

काकू चुलीपुढून उठल्या. फळीजवळ आल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण मोकळी जागा कुठली ते दिसत होतं.

"त्यात काई घालू नका. तो वार माजा हाय."

पेशकारांना ते हसण्यावारी न्यावं की रागवावं हे कळेना. त्यांनी जागा तशीच सोडली, नंतर बघू म्हणून. मुलतवी ठेवायची त्यांना सवयच होती.

पहिला शुक्रवार आला. पेशकार कचेरीला निघाले आणि डबा बघायला लागले. चूल थंड होती. काकू धुवट लुगडं नेसून, हातात छोटं गाठोडं घेऊन दारात उभ्या होत्या. मला त्यांनी आधीच वेणी घालून तयार केलं होतं. तिकिटाचे पैसे त्यांनी त्या आठवड्यात स्वतःच्या पायातली जोडवी मोडून आणले होते.

"कुठं निघालीस?" पेशकारांनी विचारलं.

"पिंगळीला."

"तिथं आता कोण आहे?"

"कोन न्हाई," काकू म्हणाल्या. "पन तुमीच म्हनला होता न्हवं, शुक्रवारी जाऊ म्हनून. आज शुक्रवार हाय."

पेशकारांचं बोट वर गेलं नाही. आम्ही दोघी त्यांच्या शेजारून बाहेर पडलो. गाडीत काकू खिडकीशी बसल्या. पिंगळीला उतरून त्या आईच्या बंद घराच्या ओट्यावर बसल्या, शेजारणीने आणलेलं पाणी प्यायल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत आल्या. त्या दिवशी पेशकार कचेरीत उपाशी राहिले. पुढच्या शुक्रवारीही राहिले. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि बाजेवर तिकिटाचे पैसे ठेवायला सुरुवात केली. ते पश्चात्तापाने ठेवत होते की शेजाऱ्यांत शोभा नको म्हणून, हे मला माहीत नाही. मला दुसरं कारणच खरं वाटतं.

माझं लग्न झालं, परभणी सुटली. पेशकार गेल्यावर काकू माझ्याकडे राहायला आल्या. घरात गिरणीतून आणलेलं आठवड्याचं पीठ असायचं, पण त्यांच्यासाठी मी रोज ताजं दळून आणायचे, आणि नव्वदीला टेकलेल्या त्या हातांची भाकरी कधी चिरली नाही. आई गुरुवारी गेली, निरोप मंगळवारी आला होता, तेव्हा हातात चिंच होती, हे सगळं त्या काल घडल्यासारखं सांगायच्या. एकदा मी बोलता बोलता विचारलं, की काकू, पेशकार कोणत्या वारी गेले हो? मला काही केल्या आठवेना.

त्यांनी परातीत पीठ घेतलं, मधे खळगा केला, पाणी ओतलं आणि थोडा वेळ खरोखरच आठवून बघितलं.

"मलाबी ध्यानात न्हाई," त्या म्हणाल्या आणि पीठ मळायला लागल्या.