फोल्डरमधली सगळी गावं

जळोचीत एका पिठाच्या गिरणीच्या वर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर, मी आणि इंदापूरहून रोज एसटीनं येणारी माझी मैत्रीण. खाली गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि कीबोर्डवर पिठाचा पातळ थर बसायचा.

गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. दूध घातलं की फॅट आणि भाव छापलेली पावती निघायची. पणदऱ्याचे भावाचे नियम वेगळे, लोणी भापकरचे वेगळे, म्हणून प्रत्येक गावाची कोडची फाइल वेगळी. नवं गाव जोडलं की त्या फाइलचं नाव मुख्य प्रोग्रॅममध्ये हातानं लिहावं लागायचं. ते विसरलं की त्या गावची पावती निघायची नाही आणि सकाळी फोन ठरलेलाच.

एकदा ती वैतागली. "फायली एकाच फोल्डरात आहेत ना? मग एकेकीचं नाव कशाला घेत बसायचं? चूलबंद आवतण देऊन टाकू, घरात असतील तेवढ्या सगळ्यांनी यायचं."

दुपारभर बसून आम्ही तसं लिहिलं. आता प्रोग्रॅम स्वतःच फोल्डर उघडून आत असेल ते सगळं उचलत होता. तिची एसटी सुटायच्या आत आम्ही तो सगळ्या केंद्रांवर पाठवूनही दिला.

सकाळी लोणीच्या केंद्रावरच्या तात्यांचा फोन आला. "आवो ताई, पावतीखाली 'आज भाजी काय?' असं छापून येतंय. बाया इचारत्यात, काय सांगू?"

मी मैत्रिणीकडं पाहिलं. तिनं कपाळाला हात लावला. प्रिंटर तपासायला ती ओळ छापणारी तिची फाइल त्याच फोल्डरात राहिली होती. आवतण चूलबंद, मग तीही आली!

"तात्या, आम्ही लगेच काढतो ते," मी म्हटलं.

"काढा सावकाश. सकाळधरनं समदी हसत्यात हितं. एकीनं तर खरंच भरलं वांगं आणून दिलंय मला."

आम्ही पोट धरधरून हसलो. मग गावांच्या फायलींची नावं 'गाव' या शब्दानं सुरू केली आणि तेवढ्याच उचलायच्या असं प्रोग्रॅमला सांगितलं.

पुढं ती इंदापूरला कॉलेजात शिकवायला लागली, मी पुण्याला मोठ्या कंपनीत आले. इथं फोल्डरातल्या फायली उचलायचं ते काम कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या एका ओळीत होऊन जातं. तेव्हा कोड चालला की टाळी द्यायला शेजारी कुणीतरी असायचं. आता चालला की मी पुढचं काम उघडते.