कडी बाहेरून होती

आमच्या माहेरी भूत हा शब्द फक्त पोरांना जेवायला बसवण्यापुरता वापरायचे. 'खा, नाहीतर येईल.' ते कधी आलं नाही आणि आम्ही भावंडं मात्र खाऊन-पिऊन चांगली गरगरीत झालो. सांगायचा मुद्दा, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव मी वाचायची ते शिलाई मशीनवर काम नसलं की करमणूक म्हणून, आणि बरेचदा हसायची. आता माझाच लिहायला बसले आहे तर तुम्हीही हसाल. खुशाल हसा. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

आम्ही जालन्यात मस्तगडला राहतो. मी ब्लाउज शिवते. आमचे हे एका बियाणे कंपनीत फिरतीवर होते, मागेच रिटायर झाले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तशी यांच्या डोक्यात एक गाडी शिरली. गाडी म्हणजे जीपच्या मागे जोडायची दोन चाकांची खोली. मोबाईलवर कुठल्यातरी परदेशी नवरा-बायकोचे व्हिडिओ बघून बघून यांनी एका वेल्डरला पकडलं आणि पत्र्याचा तसला एक डबा करून घेतला. आतून प्लायवूड, दोघांपुरता पलंग, बॅटरीवरचा छोटा पंखा, डोक्याशी गज लावलेली वीतभर खिडकी. वेल्डर नेहमी शेतातल्या शेडची दारं करणारा. त्याने सवयीप्रमाणे दाराला बाहेरून चांगली जाड कडी लावली आणि आतून नावाला एक खिट्टी. हे त्याला कॅम्पर म्हणायचे. गल्ली त्याला डबा म्हणायची.

"कोकणात जाऊ," हे म्हणाले. "जिथं वाटलं तिथं थांबायचं. जन्मभर मी एकटा हिंडलो, तू घरी बसली. आता बराबर जाऊ."

आता यावर कोणती बायको नाही म्हणेल? मीही म्हटलं नाही. पण खरं सांगायचं तर मला बंद जागेची भीती वाटते. लहानपणी कुणी कोंडून ठेवलं वगैरे काही नाही, कारण विचारू नका. नुसतीच वाटते. छत जवळ आलं, दार लागलं, की छातीवर कुणी पाट्याचा दगड ठेवल्यासारखं होतं. आणि ही गोष्ट मी लग्नापासून लपवत आलेली. लिफ्ट आली की मी म्हणायची, डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलंय. पाहुण्यांकडे बाथरूमची कडी लावायची नाही, आतून मोठ्याने आरत्या म्हणायच्या. कुठेही बसले तरी तोंड दाराकडे. पन्नाशी उलटलेल्या, सगळ्या गल्लीला तोडून बोलणाऱ्या बाईला एका दाराची भीती वाटते, हे कुणाला सांगायचं?

माझी भाची नर्स आहे. तिला फोनवर विचारलं, तेही 'एका मैत्रिणीला त्रास आहे' असं सांगून. ती म्हणाली, मावशी, मैत्रिणीला म्हणावं रोज थोडा वेळ आत बस. आधी दार सताड उघडं, मग थोडं लोटून. सावकाश श्वास सोडायचा. मग मी गल्लीत उभ्या डब्यात बसून मटार सोलायला लागले, मेथी निवडायला लागले. समोरच्या नसीमबाजी हसून लोटपोट. "क्या भाभी, घर छोड के डब्बे में रहने कू आ गए क्या?" मी म्हटलं, हो बाजी, आत उजेड चांगला येतो.

असं करत करत दार अर्धं लोटून झोपण्यापर्यंत मजल गेली. मला वाटलं, जिंकले.

पहिला मुक्काम वडीगोद्रीजवळ, यांचे चुलतभाऊ रामभाऊ यांच्या मोसंबीच्या बागेत ठरला. हिवाळ्याचे दिवस, झाडं फळांनी वाकलेली. सकाळीच पोचलो. रामभाऊंनी पिशवीभर मोसंब्या तोडून डब्याच्या पायरीवर ठेवल्या. यांना शुगर आहे, जेवणाआधी इन्सुलिनची सुई घेतात. त्या दिवशी घेतली, आणि भाकरी निम्मी टाकून उठले — आजूबाजूच्या शेतातली माणसं डबा बघायला आली होती ना! हा पंखा, ही बॅटरी, हा फोल्डिंगचा पलंग... लग्नातल्या रुखवतासारखं सगळं उलगडून दाखवलं. मी दोनदा म्हटलं, जेवण पुरं करा. "झालं माझं," म्हणाले. मग सगळे पांगले, रामभाऊ त्यांच्या वस्तीवर गेले आणि आम्ही दोघे दुपारचे आडवे झालो.

"दार लावून घे. माकडं येतेत," हे म्हणाले आणि कुशीवर वळले.

मी लावलं. पूर्ण. पहिल्यांदाच. श्वास मोजत पडले आणि नवल म्हणजे डोळा लागला.

जाग आली तेव्हा पंखा बंद पडलेला होता. छत नाकाशी आलेलं. मला वाटलं मला पुरलंय. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. यांच्या अंगावरून ओलांडून गेले. त्यांचा हात लागला, घामाने ओला होता — हे मला तेव्हा कळलं होतं. कळलं होतं आणि मी थांबले नाही. खिट्टी काढली, बाहेर उडी मारली, पाय पायरीवरच्या पिशवीत अडकला, मोसंब्या घरंगळत गेल्या. मग नुसती पळत सुटले, झाडांच्या ओळीतून, थेट रस्त्याच्या कडेच्या बांधापर्यंत.

आणि जाता जाता मी दाराला बाहेरून कडी घातली.

मला ते आठवत नाही. पण दुसरं कुणी नव्हतंच तिथे. आमच्याकडच्या बायकांना हे सांगायला नको. शेतावरच्या खोलीतून बाहेर पडलं की हात मागे जातो आणि कडी घालतो. कुत्रं शिरतं, माकड भाकरी पळवतं, शेळी धान्यात तोंड घालते. आत माणूस झोपलेला असला तरी घालतात, आणि कडी काढायला परत येतात. मी आले नाही. बांधावर बसून राहिले. श्वास तर लवकरच जागेवर आला होता... पण परत जाऊन काय सांगायचं हे ठरवत होते. पोटात दुखलं म्हणू? रानात गेले होते म्हणू? चांगली घटकाभर मी तिथे बसून थाप रचत होते. उन्हं उतरली, तेव्हा उठले.

डब्यापाशी पोचते तर समोरून रामभाऊ चहाची किटली घेऊन येत होते.

"दादा उठले का?" त्यांनी विचारलं. मग दाराकडे बघून थांबले. "वहिनी, बाहेरून कडी? दादा कुठं गेलेत का?"

रामभाऊंनीच कडी काढली.

हे पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. सदरा घामाने पिळून काढावा असा, चेहरा पांढराफटक. पण शुद्धीवर. माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, बाहेर कवा गेल्ती? आत्ता तर माझ्यापाशी होती."

त्यांच्या मांडीजवळ जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण होतं. त्यात मोसंबीच्या साली, बियांची छोटी रास आणि उरलेल्या दोन फोडी. फोडींवरचा पापुद्रासुद्धा काढलेला.

तसंच जीपमध्ये घालून अंबडला नेलं. डॉक्टर म्हणाले, शुगर फार खाली गेली होती, वेळेवर गोड पोटात गेलं म्हणून निभावलं. कुणी दिलं? हे म्हणाले, "हिनं." आणि पुढे जे म्हणाले ते ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "डॉक्टर, हिला बंद जागेची लई भीती हाय. सांगत न्हाई, पण मला लग्नापासून ठाव हाय. तरी दार लावून बसली माझ्यापाशी. दाराकडं पाठ करून बसल्ती. सोलून सोलून एक एक फोड दिली. म्हणे, हळू खा, ठसका लागंल. हात सोडला न्हाई बिलकुल."

म्हणजे यांना सगळं माहीत होतं. इतकी वर्षं माझ्यासाठी जिने चढणारा माणूस, आणि मी त्याला घामाने भिजलेला सोडून, वर कडी घालून पळाले होते.

मी लपवून ठेवलं असं समजू नका. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सांगितलं. अहो, मी नव्हते. मी पळून गेले होते. हे हसले. "तुला कौतुक केलेलं पचत न्हाई." कडीचं सांगितलं, तर म्हणाले रामभाऊला नीट दिसलं नसंल. पुन्हा सांगितलं तर चिडले. रामभाऊंना फोन केला, म्हटलं तुम्ही तरी सांगा. ते म्हणाले, "वहिनी, कडी मी माझ्या हातानं काढली, ती खोटी न्हाई. पण दादाला तुम्ही दिसल्या. आता ऱ्हाऊ द्या."

भाचीला विचारलं. या वेळी मैत्रिणीचं नाव न घेता, सगळं. ती म्हणाली, मावशी, शुगर उतरली की भास होतात, काकांनी स्वतःच खाल्लं असेल. असेल. मला तेच हवं आहे. पण या माणसाने उभ्या जन्मात मोसंबी सोललेली नाही, ताटलीत फोडी आल्या तरच खातात. सुरी बाहेर चुलीपाशी होती. मोसंब्यांची पिशवी पायरीवर होती, मीच ती लाथाडली होती. खिडकीला गज. एखादी मोसंबी आधीच आत राहिली असेल, हेही धरून चालू... तरी एक गोष्ट उरतेच. 'दाराकडं पाठ करून.' मी दाराकडे पाठ करून कधी बसत नाही हो. यांना भासच व्हायचा होता तर माझ्यासारखीचा झाला असता.

आता गल्लीत माझं नाव झालंय. नसीमबाजी आलेल्या-गेलेल्याला सांगतात, भाभी ने मियाँ की जान बचाई. यांच्या मित्रांच्या बायका मला विचारतात, भीतीवर मात कशी केली? मी मान खाली घालते आणि त्यांना तो विनय वाटतो. कुणी चोर म्हटलं असतं तरी इतकं लागलं नसतं. दुसरीच्या पुण्याईवर मी हळदीकुंकवाचे मान घेते आहे, आणि ती दुसरी कोण हेही मला माहीत नाही.

इथपर्यंतच असतं तर मी लिहिलं नसतं. मागच्या महिन्यात यांची शुगर पुन्हा उतरली. घरीच, दिवेलागणीला. या वेळी मी जवळच होते. गार वारं येत होतं म्हणून खोलीचं दार मीच लावलं होतं, आणि कसंबसं निभावत होते. साखरेचं पाणी चमच्याने पाजत होते, एका हाताने त्यांचा हात धरला होता. मनात म्हणत होते, आता तरी मी आहे. आता तरी खरंच मीच आहे.

त्यांनी डोळे अर्धवट उघडले. माझ्याकडे बघितलं. फार मायेने बघितलं आणि म्हणाले, "तू जा बाहेर. तुला गुदमरून राह्यलं. ती बसंल माझ्यापाशी."

"कोण ती?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि पलंगावर जरासे सरकले, कुणाला बसायला जागा करून द्यावी तसे. थोड्या वेळाने घाम ओसरला, उठून बसले, म्हणाले चहा टाक. काय बोललो ते त्यांना आठवत नाही. मी खोदून विचारलंही नाही.

तुमच्यापैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर ऐकायची तयारी आहे, भासाचं असलं तरी चालेल. त्या संध्याकाळी मी बाहेर गेले नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगू शकते. पण त्यांनी जागा केली, तेव्हा मी त्यांचा हात सोडला आणि मीही थोडी सरकले.